परत बँकॉकच?

हा प्रश्न मला आजवर किती जणांनी विचारलाय याचा हिशोब ठेवला असता, तर पुढच्या तिकिटाचे निम्मे पैसे तरी सुटले असते!

मित्र विचारतात ते डोळा मारून. शेजारच्या काकू विचारतात ते आवाज खाली आणून. (एकटी मुलगी, त्यातून बँकॉक, आणि तेही परत?) आणि आई विचारायची ती सरळ व्यवहाराने. "अगं, एवढे पैसे घालायचेत तर नवीन काहीतरी बघ. बघितलेलं गाव काय परत परत बघायचं?"

लॉजिक बिनतोड आहे. सुट्ट्या मोजक्या, पगार त्याहून मोजका, आणि जग केवढं तरी मोठं. मग एकाच शहरात तीनदा जायचं कारण काय? तर बॉस, पहिल्या दोन वेळी मी ते नीट बघितलंच नव्हतं. आणि तिसऱ्या वेळी मला तिथे एका माणसाला न्यायचं होतं.

ट्रिप नंबर एक : बस, पनीर आणि पुन्हा बस

साल २०१९. पहिली नोकरी, पहिला बोनस, ऑफिसातले चौदा जण आणि एक पॅकेज टूर. दोन रात्री पटाया, दोन रात्री बँकॉक. जाम धमाल केली, खोटं कशाला बोलू? पण परत आल्यावर फोटो चाळायला बसले तर लक्षात आलं, शेकडो फोटोंमध्ये शहर कुठेच नाही. आम्ही आहोत, मॉल आहे, हॉटेलचा स्विमिंग पूल आहे आणि रोज रात्रीचं पनीर बटर मसाला आहे. चाओ फ्राया नदी मी पाहिली ती बसच्या खिडकीतून, पुलावर, ट्रॅफिकमध्ये अडकलेली असताना. माझ्या शेजारचा तेव्हा झोपला होता.

थोडक्यात, आम्ही बँकॉकला जाऊन आलो, पण बँकॉकमध्ये गेलोच नाही.

ट्रिप नंबर दोन : बावीस जागांची यादी

मधे कोविड आला. २०२१ च्या एप्रिलमध्ये बाबा गेले. त्यांचं कपाट आवरताना एका प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन पासपोर्ट सापडले. बाबा रिटायर झाल्यावर, २०१६ मध्ये, दोघांनी एकत्र जाऊन काढलेले. 'कधीतरी जाऊ' म्हणून. दोन्ही कोरे करकरीत. आईने पिशवी परत बांधली आणि होती तिथे ठेवून दिली. त्यावर आम्ही काहीच बोललो नाही.

डिसेंबर २०२२ मध्ये मी एकटीच बँकॉकला गेले. तोवर नोकरी सोडून फ्रीलान्सिंग सुरू केलं होतं, म्हणजे रजा भरपूर आणि पैसे नाहीत. या वेळी मात्र फुल तयारी. एक्सेल शीट, चार दिवस, बावीस जागा!

आणि माती खाल्ली.

पहिली चूक हॉटेलची. रात्रीमागे सहाशे बाथ वाचवायला मी स्टेशनपासून लांबचं हॉटेल घेतलं. एक बाथ म्हणजे अडीच-तीन रुपये धरा. पैसे वाचले, पण रोजचे दोन तास टॅक्सीत गेले. दुसरी चूक, चातुचाक मार्केटला शनिवारी भर दुपारी जाणं. पंधरा हजारांवर स्टॉल्स, सत्तावीस सेक्शन्स, डोक्यावर पत्रा. तासाभरात मी लिंबासारखी पिळून निघाले. तिसरी चूक सगळ्यात क्लासिक. ग्रँड पॅलेसच्या बाहेर एक गोडबोल्या भेटला. "आज पॅलेस बंद आहे मॅडम, पूजा आहे. दुपारी उघडेल. तोवर टुकटुकने फिरवतो, वीस बाथ फक्त." मी बसले. पॅलेस अर्थातच उघडा होता. मी मात्र एका खड्यांच्या दुकानात एसीची हवा खात बसले होते, आणि सेल्समन मला नीलम दाखवत होता.

बावीसपैकी नऊ जागा झाल्या. शेवटच्या दिवशी वैतागून शीट बंद केली आणि साथोर्नच्या धक्क्यावरून केशरी झेंड्याच्या बोटीत जाऊन बसले. कुठे उतरायचं ते ठरवलंच नव्हतं. शाळेतून परतणारी पोरं, भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायका, भिक्खूंसाठी राखलेली जागा, धक्का जवळ आला की कर्कश्श शिट्टी मारणारा माणूस... आपल्या भाऊच्या धक्क्याची आठवण आली आणि पहिल्यांदा हे शहर ओळखीचं वाटलं. इथे परत यायचं, हे त्या बोटीत ठरलं.

फंडा : शहराचे तुकडे करा

परत आल्यावर डोकं शांत ठेवून नकाशा पाहिला. बँकॉक अवाढव्य आहे, पण त्याला तीन दोऱ्या आहेत. एक नदी. दुसरी बीटीएस स्कायट्रेन, जी ५ डिसेंबर १९९९ ला सुरू झाली आणि जिला २००४ पासून एमआरटी भुयारी मेट्रोची जोड आहे. तिसरी सेन सेप कालव्यातली बोट. या बोटीत घाण पाणी उडू नये म्हणून प्रवासी स्वतःच बाजूचं प्लॅस्टिक दोरीने वर ओढतात, आणि हेल्मेट घातलेला कंडक्टर बाहेरच्या काठावरून चालत तिकीट काढतो. सॉलिड प्रकार आहे!

यातली एक दोरी पकडायची आणि त्या ट्रिपपुरतं तेवढंच शहर बघायचं. बाकीचं पुढच्या वेळी. 'पुढच्या वेळी' हा शब्द एकदा मान्य केला ना, की धावपळ आपोआप कमी होते.

माझी वाटणी अशी :

नदीची ट्रिप. ग्रँड पॅलेस (तिकीट ५०० बाथ, खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत), वात फो, समोरच्या काठावर वात अरुण. पॅलेसच्या आवारातच वात फ्रा केव हे पाचूच्या बुद्धाचं मंदिर आहे. त्याच्या भोवतालच्या ओवरीच्या भिंतींवर रामकियेन, म्हणजे थाई रामायण, १७८ चित्रांत रंगवलंय. यासाठी अर्धा दिवस राखून ठेवा. २०१९ मध्ये एमआरटीची ब्लू लाइन वाढली आणि सनाम चाय स्टेशन वात फोच्या जवळच आलं. त्यामुळे आता टुकटुकवाल्या गोडबोल्यांची गरजच नाही.

बाजाराची ट्रिप. वात मांगकोन स्टेशनला उतरलं की चायनाटाउन, म्हणजे यावारात. तिथलं वात त्रायमित चुकवू नका. साडेपाच टन वजनाची सोन्याची बुद्धमूर्ती, पण १९५५ मध्ये हलवताना वरचा गिलावा फुटेपर्यंत ती सोन्याची आहे हे कुणालाच माहीत नव्हतं! पुढे चालत साम्पेंगची गल्ली आणि फाहुरात. फाहुरात म्हणजे तिथलं लिटल इंडिया. कापड, गुरुद्वारा, चहा, समोसे. कपड्यांच्या होलसेलला प्रातुनाम. चातुचाक शनिवार-रविवारी, पण सकाळी लवकर. आणि एक गोष्ट, सोमवारी रस्त्यावरच्या खाण्याच्या बऱ्याच गाड्या बंद असतात. खादाडीचा प्लॅन सोमवारी ठेवू नका.

हिरवी ट्रिप. ही मी अजून राखून ठेवलीय. लुम्फिनी पार्क (नाव आपल्या लुंबिनीचं, आत मगरीएवढ्या घोरपडी फिरतात), २०२२ मध्ये उघडलेलं बेंजाकिट्टी फॉरेस्ट पार्क, आणि नदीपलीकडचं बांग क्राचाव. ख्लोंग तोईच्या धक्क्यावरून होडीने पाच-दहा मिनिटांत पलीकडे जायचं, सायकल भाड्याने घ्यायची आणि झाडीत हरवायचं. एक दिवस अयुथयाला. नाव अयोध्येवरून आलेलं. चौदाव्या शतकापासूनची ही राजधानी १७६७ मध्ये बर्मी सैन्याने उद्ध्वस्त केली. तिथे वात महाथातमध्ये झाडाच्या मुळांनी कवटाळलेला बुद्धाचा चेहरा आहे. बँकॉकहून ट्रेनने आरामात जाऊन येता येतं.

प्रत्येक ट्रिपमध्ये मी तीन रकाने ठेवते. एक जुनं आवडलेलं, एक नवीन, आणि अर्धा दिवस पूर्ण रिकामा. रिकामा रकाना भरायचा मोह झाला की मला ती बावीस जागांची शीट आठवते.

ट्रिप नंबर तीन : आई

२०२४ च्या पावसाळ्यात त्या पिशवीतला आईचा पासपोर्ट मी पुन्हा उघडला. मुदत, फेब्रुवारी २०२६. थायलंडला जाताना पासपोर्ट निदान सहा महिने तरी व्हॅलिड लागतो. म्हणजे हातात जेमतेम वर्ष. नाहीतर हाही कोराच संपणार.

"चल माझ्याबरोबर."

"कुठे?"

"बँकॉक."

"परत बँकॉकच? आणि मला घेऊन? माझे गुडघे बघितलेस का?"

इथे माझ्या आधीच्या दोन ट्रिप कामाला आल्या. कुठल्या स्टेशनला लिफ्ट आहे आणि कुठल्या एक्झिटला नाही (सगळ्या एक्झिटला नसते), कुठे बसायला बाक मिळेल, कुठलं टॉयलेट स्वच्छ, कुठल्या धक्क्यावर बोट जास्त हलते, हे सगळं मला पाठ होतं. युरोपची एखादी टूर मी तिला कर्ज काढून दाखवली असती, पण तिथे मी स्वतःच चाचपडत असते. ओळखीच्या शहरात मात्र मी तिचा हात धरू शकत होते.

डिसेंबर, हवा बरी. हॉटेल स्टेशनपासून दोनशे पावलांवर. दिवसाला दोनच ठिकाणं, एक सकाळी, एक संध्याकाळी. दुपारी खोलीवर झोप.

खाण्याचं मला जाम टेन्शन होतं, कारण आई शुद्ध शाकाहारी आणि तिथे प्रत्येक गोष्टीत 'नाम प्ला', म्हणजे माशाचं सॉस. पण थाई भाषेत शाकाहाराला काय म्हणतात माहितीये? मांगसविरत. मांस आणि विरती! आईला हे सांगितलं आणि तिने ते दुसऱ्या दिवसापासून भाजीवाल्याशी बोलावं तशा ठसक्यात वापरायला सुरुवात केली. त्याहून सोपं म्हणजे 'जे'. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात हे चिन्ह दिसलं की मांस, मासे, अंडं तर नाहीच, वर कांदा-लसूणही नाही. आमच्याकडे चातुर्मास पाळणारी माणसं आहेत, त्यांना तर ही लॉटरीच! सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास तिथे नऊ दिवसांचा शाकाहारी उत्सव असतो, तेव्हा यावारात सगळं या पिवळ्या झेंड्यांनी भरून जातं.

रस्त्यावर एक बाई बिडाच्या खळग्यांच्या तव्यात काहीतरी करत होती. आई थबकली. "अगं, हे आप्पेपात्र!" कनोम क्रोक, तांदळाचं पीठ आणि नारळाचं दूध. आईने त्या बाईच्या हाताकडे पाच मिनिटं पाहिलं, तिने आईकडे पाहिलं, दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आच कमी हवी की जास्त यावर मात्र दोघींचं हातवाऱ्यांनी एकमत झालं.

मग एरावानचं देऊळ. शहरातल्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात, मॉल्सच्या गर्दीत, चतुर्मुख ब्रह्मदेव. १९५६ मध्ये एका हॉटेलचं बांधकाम सारखं अडत होतं म्हणून बसवलेला. झेंडूचे ढीगच्या ढीग. "आपल्याकडे ब्रह्मदेवाला विचारत नाही कुणी, इथे बघ कसा थाट आहे," इति मातोश्री. गणपती तर पावलोपावली. थाई लोक त्याला फ्रा फिकानेत म्हणतात, कलावंतांचा देव मानतात, तिथल्या ललित कला खात्याच्या चिन्हावरही तोच. फक्त रामकियेनच्या भिंतीशी आई जरा नाराज झाली. तिथल्या हनुमानाला एकाहून जास्त बायका आहेत, हे मी सांगायला नको होतं.

वात फोमध्ये ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आहे. त्याच्या पाठीमागच्या भिंतीलगत १०८ काशाची भांडी ठेवलेली असतात. वीस बाथ देऊन सुट्या नाण्यांची वाटी घ्यायची आणि एकेका भांड्यात एकेक नाणं टाकत चालायचं. सगळ्या हॉलभर तो टण् टण् आवाज भरून राहिलेला असतो. मी पुढे जाऊन फोटो काढत होते. आई मागे राहिली. वळून पाहिलं तर ती प्रत्येक भांड्यापाशी थांबत होती, ओठ हलत होते. शेवटच्या भांड्यापाशी आली आणि म्हणाली, "एक नाणं उरलं."

"टाक ना कुठल्यातरी भांड्यात."

"नको. राहू दे. ह्यांच्या पाकिटात ठेवते."

मी काही बोलले नाही. बाबांचं पाकीट तिच्या पर्समध्ये आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं.

तुम्ही जाणार असाल तर

रजेचं गणित : गुरुवारी रात्रीची फ्लाइट, शुक्रवारी सकाळी बँकॉक, रविवारी रात्री परत. रजा फक्त एक! मुंबईहून साधारण चार-साडेचार तास. तिथलं घड्याळ दीड तास पुढे, म्हणजे परतताना तेवढी झोप बोनस. रूम दुपारी मिळते, तेव्हा बॅग हॉटेलात टाका आणि थेट पार्क गाठा.

सीझन : नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा सुसह्य. मार्च ते मे भट्टी, पण एप्रिल-मेमध्ये आंबा आणि चिकट भात, म्हणजे आपल्या नारळी भाताचा चुलत भाऊ, ऐन भरात. १३ ते १५ एप्रिल सोंगक्रान, अख्खं शहर पाण्यात. सप्टेंबर-ऑक्टोबर धो धो पाऊस. दम्याचा त्रास असेल तर जानेवारी ते मार्च जपून. तेव्हा हवेत धुरकं असतं. जानेवारी २०२५ मध्ये तर त्यापायी शेकडो शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

कागदपत्रं : थायलंडने नोव्हेंबर २०२३ मध्ये भारतीयांसाठी व्हिसाची अट काढली आणि जुलै २०२४ मध्ये मुक्कामाची मर्यादा ६० दिवसांवर नेली. पण हे नियम बदलत असतात. 'गेल्या वेळी असं होतं' यावर विसंबू नका, दर ट्रिपला दूतावासाची साइट नव्याने बघा. १ मे २०२५ पासून डिजिटल अरायव्हल कार्ड सक्तीचं झालंय. ते पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचं आणि ते फुकट असतं. पैसे मागणारी साइट दिसली की लगेच बंद करा. वारंवार जात असाल तर इमिग्रेशनला परतीचं तिकीट आणि हॉटेल बुकिंग दाखवायची तयारी ठेवा.

पैसे : एटीएममधून काढलं की दर वेळी दोनशेच्या वर बाथ फी जाते, म्हणून एकदाच काढा. नोटा बदलायच्या तर सुवर्णभूमी विमानतळाच्या तळघरात, रेल लिंकच्या स्टेशनजवळची काउंटर्स बघा, वरच्यापेक्षा दर चांगला मिळतो. त्याच रेल लिंकने फाया थायला उतरा, तिथे बीटीएस मिळते. बीटीएसला रॅबिट कार्ड घ्या, ते पुढच्या ट्रिपलाही चालतं. एमआरटीला कॉन्टॅक्टलेस बँक कार्ड टॅप केलं की झालं.

आणि हे नको : ई-सिगारेट नेऊ नका, तिथे बंदी आहे. परत येताना कुणाचीही बॅग 'जरा मुंबईपर्यंत' म्हणून घेऊ नका, मग तो कितीही गोड बोलो. मोठी बुद्धमूर्ती घेतली तर ती देशाबाहेर न्यायला ललित कला खात्याचा परवाना लागतो.

ता. क.

बँकॉकहून आल्यावर आई पंधरा दिवस गप्प होती. मला वाटलं, दमली. मग एक दिवस मी कामात असताना तिने विचारलं, "ते नदीपलीकडचं झाडीचं गाव राहिलं ना आपलं? सायकलीचं?"

"तू सायकल चालवणार?"

"मी होडीत बसेन. तू चालव सायकल."

पासपोर्टची मुदत संपायच्या आधी ती एकटी जाऊन रिन्यूचे सोपस्कार करून आली. दहा वर्षांचा नवा पासपोर्ट आला. जुनाही परत मिळालाय, कोपरा कापलेला. त्यात थायलंडचे दोन शिक्के, एक जातानाचा, एक येतानाचा. तो तिने त्याच प्लॅस्टिकच्या पिशवीत, बाबांच्या पासपोर्टशेजारी ठेवला.

परवा जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या. माझ्या हातातल्या प्रिंटआउट्स बघून त्यांनी आवाज खाली आणला. "काय गं, परत बँकॉकच?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आईचा आवाज आला.

"तुम्ही दरवर्षी नरसोबाच्या वाडीला जाता, वहिनी. तेव्हा मी विचारते का, परत वाडीच?"